भाऊजींचं एकुलतं एक क्रियापद

गुरुवारी सकाळी भाऊजी वारले.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. एका वस्तूत जगाची सगळी कामं भागली पाहिजेत, असं मानणारा इतका हट्टी माणूस पुण्यातही दुसरा झाला नसेल. बुधवार पेठेत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. तिथल्या एकाच स्क्रूड्रायव्हरनं ते रेडिओ उघडत, रंगाचे डबे उघडत, नारळाचे डोळे फोडत, आणि गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं की तोच दाराकडे रोखून म्हणत, "समोर स्वस्त मिळेल. या." औषधही एकच, ओवा. पोट दुखलं तरी ओवा, सर्दी झाली तरी ओवा. पाहुणा रेंगाळला तर त्याच्याही हातावर ओवा.

ताई गेली आणि मेलबर्नच्या नातीशी बोलायचं कसं, हा प्रश्न आला. ताई गाणी म्हणून, हातवारे करून निभावून नेत असे. नातीला मराठी येत नव्हतं, भाऊजींना इंग्रजी. मुलगा मध्ये बसून भाषांतर करी, पण ते भाऊजींना पटेना. "मी सात वाक्यं बोलतो, हा एक सांगतो. मधली सहा कोण खातं?"

मी कॉलेजात इंग्रजी शिकवलेलं, म्हणून माझ्याकडे आले. "मास्तर, या वयात अख्खी भाषा जमायची नाही. सगळ्यात जास्त राबणारं एक क्रियापद काढ." मी शब्दकोशात 'गेट' दाखवलं. मिळणं, आणणं, पोचणं, समजणं, उठणं, भिजणं, म्हातारं होणं. पान उलटलं तरी अर्थ संपेनात. भाऊजींनी चष्मा पुसला. "एवढी कामं हा गडी एकटा करतो? मग बाकीचे पगार कशाचा घेतात?"

त्यानंतर गल्लीत कुणाची सुटका राहिली नाही. दूधवाल्याला "यू गेट लेट", इस्त्रीवाल्याला "शर्ट गेट बर्न". बसमध्ये "आय गेट डाऊन" असं त्यांनी जाहीर केलं, तर कंडक्टर म्हणाला, "आजोबा, उतरायचं तर उतरा, भाषण नको."

रविवारी व्हिडिओ कॉलवर नात दिसली की हे सुरू. "आय गेट अप. आय गेट मिल्क. मिल्क गेट वॉटर. आय गेट अँग्री!" नात लोळून हसायची. मी एकदा म्हटलं, "भाऊजी, कालचं असेल तर 'गॉट' म्हणतात." "कालचं तुझ्या कॉलेजात सांग. मी पोरीशी आजचं बोलतोय." मुलगा हळूहळू कॅमेऱ्यासमोरून उठून जाऊ लागला. त्याचं काम उरलं नव्हतं.

एका रविवारी नातीनं विचारलं, "आजोबा, डू यू गेट लोनली?"

मी कुजबुजलो, "एकटं वाटतं का, विचारतेय."

"कळलं मला," ते खेकसले. मग बराच वेळ फोन उगाच सरळ करत राहिले. एवढं राबणारं क्रियापद, पण तेव्हा त्यांनी ते हाती घेतलं नाही.

"संडे, नो," ते म्हणाले.

बाकीच्या वारांचं तिनं विचारलं नाही.

आता तिचा फोन माझ्याकडे येतो. ती विचारते, मी शुद्ध इंग्रजीत उत्तर देतो. बोलणं लवकर संपतं. पण फोन दोघांपैकी कुणी ठेवत नाही.