‘ठरलं’चं बटण

ऑफिसात त्यांना सगळे चौकशीबाई म्हणत. आधी पाठीमागे, मग तोंडावर, आणि शेवटी त्या स्वतःच फोन उचलून "हं, चौकशीबाई बोलतेय" म्हणायला लागल्या. कामच तसं होतं. बावीस वर्षं लोकांच्या घरी जाऊन प्रश्न विचारायचे. आधी साबणासाठी, मग पंख्यांसाठी आणि आता सहा वर्षं एका मेसेजच्या अ‍ॅपसाठी. अ‍ॅप वापरताना लोकांना काय नडतं ते शोधायचं आणि ऑफिसात येऊन सांगायचं. लोक भरभरून बोलत. ऑफिसात ऐकून घेणारे मात्र मोजके.

वय सत्तेचाळीस. उजवा गुडघा जिना नुसता दिसला तरी कुरकुरायचा. संध्याकाळी घरी आल्यावर तोंड उघडायचं त्यांच्या जिवावर येई. नवरा म्हणे, "जगाला बोलतं करतेस आणि माझ्याशी अबोला?"

"अबोला नाही रे. आजचे शब्द संपले."

त्या वर्षी कंपनीला ग्रुपसाठी काहीतरी नवीन हवं होतं. काय, ते कुणालाच ठाऊक नव्हतं; फक्त ते दोन महिन्यांत हवं होतं. हे मॅनेजरचं म्हणणं. त्यांचं नाव घाईसाहेब पडलं होतं ते काही उगाच नाही. चौकशीबाईंनी वही घेतली, चपला घातल्या आणि घरं फिरायला लागल्या.

पाचवं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्ट बंद. दार उघडलं ते मावशींनी. अंथरुणाला खिळलेल्या एका आजींची त्या दिवसभर काळजी घेत. आजींना तीन मुलं, तिघं तीन गावांत. तिघांचा आणि मावशींचा मिळून एक ग्रुप. आईचं औषध, खाणं, डॉक्टर, सगळ्या सूचना त्याच्यावर यायच्या.

"सूचना कसल्या हो ताई, नुसता पूर," मावशी म्हणाल्या. त्यांनी मोबाईल पुढे केला. "हे बघा. थोरले म्हणतात अर्धी गोळी. ताईसाहेब म्हणतात पूर्ण. धाकटे म्हणतात, डॉक्टरांना विचारून सांगतो. मग नातवाचा पहिला नंबर आला, त्याची चाळीस अभिनंदनं. त्यांच्या खाली कुठेतरी धाकट्यांचा मेसेज, आज गोळी देऊ नका, रक्त तपासायचंय."

"मग?"

"मग काय, दिली मी गोळी. तपासणी पुढे गेली आणि बोलणी मी खाल्ली. धाकटे म्हणाले, वाचता येत नाही का? येतं की. पण वाचू किती? आजींची कूस बदलू, का अभिनंदनं वाचू?"

आता त्या रोज सकाळी शेवटची सूचना कागदावर उतरवून औषधांच्या डब्यावर चिकटवत होत्या. चौकशीबाईंनी त्या कागदाचा फोटो काढला. पुढच्या तीन घरांतही हेच निघालं. एका गवंड्याच्या ग्रुपवर भिंतीचं माप दिवसातून तीनदा बदलायचं. शाळेच्या बसचालकाला कुठलं मूल आज येणार नाही हे पालकांच्या गप्पांतून वेचून काढावं लागायचं. बोलणारे दहा आणि करणारा एक.

यातून ‘ठरलं’ निघालं. एखाद्या मेसेजवर बोट दाबून धरलं की ‘ठरलं’ असं बटण येणार, आणि तो मेसेज सगळ्यांत वर जाऊन बसणार. डिझायनरनं आठवड्यात नमुना करून दिला. घाईसाहेब खूश झाले. चौकशीबाई नमुना घेऊन पुन्हा तिसरा मजला चढल्या आणि त्या रविवारी आजींना भेटायला जमलेल्या तिन्ही मुलांना म्हणाल्या, जरा वापरून बघा.

पंधरा मिनिटांत अकरा वेळा ठरलं. थोरल्यांनी अर्धी गोळी वर चढवली, की ताईसाहेब ती उतरवून पूर्ण चढवायच्या. धाकट्यांनी मधेच ‘आईसमोर भांडू नका’ हेही ठरवून टाकलं. मावशी आधी बघत राहिल्या आणि मग पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"ताई, तिघांचं अकरा वेळा ठरलं. माझ्या लग्नाच्या वेळीसुद्धा एवढं ठरलं नव्हतं!"

चौकशीबाईही हसल्या, पण महिन्याचं काम डोळ्यांदेखत पाण्यात चाललं होतं. त्या पलंगाच्या कडेला टेकल्या आणि गुडघा चोळत म्हणाल्या, "मग मावशी, हे बटण दाबायचं तरी कुणी?"

मावशींना फार विचार करावा लागला नाही. "सांगणाऱ्यानं सांगावं. पण ज्याला करायचंय तो ‘कळलं’ म्हणेपर्यंत ठरलं कसं? आणि मी एकदा ‘कळलं’ म्हटलं, की मला विचारल्याशिवाय बदलायचं नाही."

हेच वाक्य चौकशीबाईंनी बैठकीत जसंच्या तसं ऐकवलं. घाईसाहेबांनी कपाळाला हात लावला. "आणखी एक पायरी? लोक कंटाळतील. आणि एका मावशीवरून फीचर ठरत नाही, मॅडम."

"आठ घरं झाली, साहेब. सहा घरांत हेच."

"आठ म्हणजे काय? वीस तरी हवीत. दोन आठवडे देतो."

दोन आठवड्यांत बारा घरं. चौकशीबाईंनी गुडघ्याला पट्टा बांधला. एका घरी कुत्रा अंगावर आला, एका घरी बाईसाहेब तासभर सुनेबद्दलच बोलल्या, एका घरी बोलताबोलता चौकशीबाईंचाच डोळा लागला आणि घरमालकिणीनं त्यांना उठवलंच नाही, नुसता पंखा लावला. वीस घरं भरली. चौदांना ‘कळलं’ हवं होतं. अहवाल दिला तेव्हा आपण जिंकलो की हरलो याचंही त्यांना काही वाटेना. घरी जाऊन झोपावं, एवढंच वाटत होतं.

सात महिन्यांनी ‘ठरलं’ बाजारात आलं. ‘कळलं’ही आलं, पण बंद अवस्थेत. हवं असेल त्यानं सेटिंगमध्ये चार पायऱ्या आत जाऊन चालू करायचं. "मधला मार्ग," घाईसाहेब म्हणाले. चौकशीबाई भांडल्या नाहीत. भांडायचं त्राण नव्हतं, आणि चार पायऱ्या आत का होईना, बटण होतं.

ते चालू करून द्यावं म्हणून त्यांनी मावशींना फोन केला. मावशी आता दुसऱ्या घरी होत्या. आजी दोन महिन्यांपूर्वी गेल्या होत्या, शांतपणे, झोपेतच.

"इथे एकच मुलगा आहे, ताई. भांडायला दुसरं माणूसच नाही," मावशी म्हणाल्या. "पण आमच्या भावंडांच्या ग्रुपवर येईल का लावता? वडिलांना कुणी सांभाळायचं, यावर वर्षभर घोळ चाललाय."

चौकशीबाई रविवारी त्यांच्या घरी गेल्या. चार पायऱ्या दाखवल्या, ‘कळलं’ चालू केलं. मावशींनी एकेक अक्षर जपून टाईप केलं, ‘एक तारखेपासून वडील तीन महिने दादाकडे’, आणि ‘ठरलं’ दाबलं. दादानं ते वाचलं, पण ‘कळलं’ काही केलं नाही. त्या दिवशीही नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

पुढच्या महिन्यात चौकशीबाईंनी सहज फोन केला. "काय मावशी, दादांनी दाबलं का?"

"दाबलं की. तिसऱ्या दिवशी."

"मग वडील तिकडे गेले?"

"न्यायला अजून आला नाही," मावशी म्हणाल्या. "पण आता कळलं नव्हतं, असं तरी म्हणता येणार नाही त्याला."