नोरिकुराचा रांगता पाइन

बाबा नाशिकहून आमच्याकडे टोकियोत, तोयोसुला आले आणि पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "टॉवर पुष्कळ पाहिले. आता मला पायनस प्युमिला दाखव." जन्मभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेला माणूस! प्युमिला म्हणजे बुटका. जपानीत हाइमात्सु, म्हणजे रांगणारा पाइन. नवऱ्याला सुट्टी नव्हती, म्हणून आम्ही बापलेकच निघालो.

शिंजुकूहून एक्स्प्रेसने मात्सुमोतो, पुढे छोटी ट्रेन, मग बस. नोरिकुरा डोंगरावर खासगी गाड्या नेता येत नाहीत, शेवटचा घाट शटल बसनेच चढायचा. परतीच्या बसची वेळ आधीच बघून ठेवा. खाणं बरोबर असू द्या. आमच्याकडे दशम्या आणि कोंबिनी दुकानातले ओनिगिरी, म्हणजे भाताचे मुटके, होते.

वर ऑगस्टातही स्वेटर लागला. उंच झाडं खालीच राहिली होती. उतारभर नुसता कमरेएवढा गर्द हिरवा थर. बाबा वाटेच्या कडेला उकिडवे बसले.

"बघ, पाच-पाच सुयांचा झुबका. हाच तो! आत मात्र पाऊल टाकू नकोस हं. फांद्यांखाली जमीन किती खोल आहे, कळत नाही."

थोडं पुढे गेलो आणि धुकं आलं. बघता बघता मला माझे बूटही दिसेनात. वाराही थांबला.

"बाबा?"

"इकडे ये गं," डावीकडून, झुडपांतून आवाज आला. बाबांचाच. मी वळले. पाय फांद्यांतून मांडीपर्यंत आत गेला, तरी तळ लागेना.

"बाबा!" मी किंचाळले.

मागून कुणीतरी दंड घट्ट धरला. बाबा होते. वाटेवरच उभे.

"तिकडे कुठे निघालीस?"

"तुम्हीच बोलावलंत ना?"

"मी तोंडसुद्धा उघडलं नाही."

धुकं विरेपर्यंत आम्ही हात धरून तिथेच उभे राहिलो. त्या बाजूला माणूस नव्हता. उतार होता आणि पुढे कडा.

घरी येऊन पायावरचे ओरखडे भरले. पँटचा राळेचा वास दोनदा धुऊनही गेला नाही. तुम्ही जरूर जा, जागा सुंदरच आहे. पण धुकं आलं तर हलू नका, आवाज कितीही ओळखीचा असला तरी.

नाशिकला परत जायच्या दिवशी चहा पिताना बाबा हळूच म्हणाले, "मलाही हाक आली होती. तुझ्या आईची." आईला जाऊन दोन वर्षं झाली. "मी निघालोच होतो गं. तेवढ्यात तू किंचाळलीस."