कुंकवाच्या खुणेवर चढवलेला पट्टा

आमचे हे कारखान्यातले टर्बाइनवाले. त्यामुळे घरची जुनी गाडी मेकॅनिककडे नेणं म्हणजे त्यांच्या इभ्रतीचा प्रश्न! टाउनशिपमधल्या आमच्या क्वार्टरपुढे ती बहुतेक रविवारी बॉनेट उघडं टाकून उभी असायची.

त्या वर्षी मात्र माझा जीव तिच्यात अडकला होता. उज्जैनला माझी आई एकटी. कमरेचं हाड मोडल्यापासून बसचे धक्के तिला सोसवत नव्हते. "दसऱ्याला गाडीच घेऊन येतो, तुम्हाला भोपाळला आणायला," असा ह्यांनी शब्द दिला होता. आईने पिशवी केव्हाच भरून ठेवली होती.

आणि ह्यांनी अष्टमीच्या संध्याकाळी गाडीचा टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातली चाकं जोडणारा पट्टा, काढला! "जुना झालाय, वाटेत तुटेल. उद्या नवा टाकतो."

"उद्या खंडेनवमी. हत्यारांना हात लावायचा नाही," मी बजावलं. ह्यात माझ्याकडे तडजोड नाही.

नवमीला मी पाने, पकडी, शिलाई मशीन, मिक्सर, सगळ्यांची पूजा केली. मग गाडीनेच काय घोडं मारलंय? उघड्या इंजिनात दोन दातेरी चाकं दिसली, त्यांनाही हळदकुंकू लावलं.

दसऱ्याला सकाळीच हे पट्टा बसवायला बसले. ह्यातली मेख अशी, की वरच्या आणि खालच्या चाकावर एकेक खूण असते. ती इंजिनावरच्या खुणेसमोर आणायची, मगच पट्टा चढवायचा. चुकलं तर आतले भाग एकमेकांवर आपटतात आणि इंजिनाचे बारा वाजतात.

"वा! आधीच्या मालकाने लाल रंग लावून ठेवलाय. परवा अंधारात दिसलाच नाही," हे खूश.

शेजारचे भाईसाहब, तेही कारखान्यातलेच, आमचाच चहा पीत म्हणाले, "लाल ही मिलाइए. अपने कारखाने में भी तो निशान लाल ही लगाते हैं!"

पट्टा चढला. नशीब, किल्ली लावण्याआधी हे पान्याने इंजिन हातानेच फिरवून बघतात. ते अर्ध्यातच अडलं. भाईसाहबांकडे कारणं भरपूर होती, उपाय एकही नव्हता. ह्यांचा चेहरा उतरला.

"आज काही जमत नाही. आईंना फोन कर."

पिशवी भरून बसलेल्या बाईला काय सांगू? आत जाण्याआधी एकदा वाकून पाहिलं, तर लाल ठिपक्याच्या कडेला पिवळं! तेलात मिसळून ओळखू येईनासं झालं होतं, पण बोट माझंच.

"अहो, अक्कल गहाण ठेवलीत का दोघांनी? ते कुंकू आहे, मी लावलेलं!"

भाईसाहबांना एकदम घरचं काम आठवलं. ह्यांनी रॉकेलच्या फडक्याने चाकं पुसली. मळाखालून खऱ्या खाचा निघाल्या. पट्टा पुन्हा चढला, इंजिन हाताने अलगद फिरलं, मग किल्लीनेही.

उज्जैनला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आई दारातच उभी, एका हातात काठी, दुसऱ्यात कुंकवाचा करंडा. गाडीला कुंकू लावायला ती पुढे झाली तोच हे ओरडले, "थांबा!"

आई दचकली. मी तर मनात शिव्याच घातल्या. ह्यांनी बॉनेट उघडलं आणि म्हणाले, "इथेही लावा, आई. आता कितीही लावा."

मला रडूच आलं. आईला त्यातलं काही कळलं नाही. ती म्हणाली, "लावते हो. पण आधी माझी पिशवी गाडीत ठेवा."