आधी जेवणारे शमुवेलकाका

शमुवेलकाका गेले तेव्हा मी मिरजेच्या रुग्णालयात खाली, त्यांच्याच औषधांच्या रांगेत उभी होते. वरून त्यांच्या मुलीचा फोन आला. मी चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली आणि शवपेटी, खुर्च्या, चहा, कबरस्तानाची किल्ली अशी कामं डोक्यात लावत जिना चढू लागले. जिन्यातच आमच्या चर्चच्या मंडळीच्या सचिवांचा मेसेज आला : 'एक नम्र पुढारी हरपला.' नम्र! हेच सचिव त्यांना मागून 'खादाड म्हातारा' म्हणत असत…

काका एस.टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले, माझ्या वडिलांचे मित्र. मलकापूरजवळच्या आमच्या लहानशा चर्चमध्ये पंचांना 'वडील' म्हणतात. काका त्यांचे अध्यक्ष. काही वर्षांपूर्वी नाताळच्या प्रीतिभोजनाला आमच्या स्वयंपाकीण शांताबाईनं स्वयंपाक वेळेत तयार ठेवला होता. पाहुणे वक्ते साताऱ्याहून उशिरा आले आणि आल्यावर थांबेचनात. विषय होता सेवकपण. सेवकपणाचं गुणगान चालू असताना मटण भर उन्हात पत्र्याच्या मंडपात झाकून पडलं होतं. संध्याकाळी घराघरांत मुलांना उलट्या सुरू झाल्या. कऱ्हाडच्या दवाखान्यात सलाइनं लागली. सगळी बरी झाली, ही देवाची कृपा.

मग बैठक. महिला मंडळाचं काम बघते म्हणून मीही होते. पंचांनी आधी प्रार्थना केली. आमच्या पंचांना काही करायचं नसलं की ते प्रार्थना करतात. डोळे मिटले की कुणाकडे बघावं लागत नाही. आमेन झाल्यावर सचिव म्हणाले, "प्रभूनं आपली परीक्षा पाहिली. रविवारी जाहीर करू, स्वयंपाकात हयगय झाली." शांताबाई दाराशी उभी होती. कऱ्हाडपासून फलटणपर्यंत लग्नांचा स्वयंपाक करून तिचं घर चालायचं. वेदीवरून असं जाहीर झालं असतं, तर तिला पुन्हा कुणी चुलीजवळ उभं केलं नसतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळे छताकडे बघत होते.

"पाव्हण्याला बोलू कुणी दिलं?" काकांनी विचारलं.

"अध्यक्ष तुम्ही होता, काका."

"व्हय, मीच. जेवान उरकून घ्या म्हनायचं सोडून मी बसून ऐकलं. रविवारी मीच उठून सांगतो."

"कशाला उगीच? मंडळीची अब्रू…"

"आदामानं बायकुकडं बोट दावलं, तवापासनं आपलं ह्येच चाललंय रं गड्या. ज्यानं साऱ्या जगाचं पाप अंगावर घेतलं त्याचं नाव लावायचं, आन् आपलं सवताचं बी घ्यायचं न्हाई व्हय?"

रविवारी ते उठले, सरळ सांगितलं. उपासना सुटल्यावर मुलांच्या आयांनी त्यांना अंगणात धरलं, वाट्टेल ते बोलल्या. टोपी हातात घेऊन ते ऐकत राहिले. बाकीचे पंच मागच्या दारानं घरी गेले.

आमच्याकडे पुढारी शेवटी जेवतात. आधी दोन पानं वाढायची, फोटो काढून घ्यायचा, मग उरलेलं खाताना दमल्यासारखं दिसायचं… याला नम्रता म्हणतात. काकांनी त्या नाताळनंतर उलटं सुरू केलं. मंडळीचं जेवण असलं की सगळ्यांच्या आधी येऊन प्रत्येक पातेल्यातलं वाढून घ्यायचे, आणि मग तासभर सगळ्यांना दिसेल असे खुर्चीत बसायचे. लोक हसत. मी एकदा टोकलं, तर म्हणाले, "मागनं जेवलं की मोठेपणा मिळतो, आधी जेवलं की पोटदुखी. मला पोटदुखीच बरी, पोरांच्या आधी कळंल तरी."

शोकसभेत हे कुणी बोललं नाही. 'समर्पित' हा शब्द मात्र इतक्यांदा आला, की मला चहाच्या कपांकडे जाऊन उभं राहावंसं वाटलं.

गेल्या रविवारी कापणीच्या सणाचं जेवण होतं. शांताबाईनं झाकणं काढली. पाळकसाहेब म्हणाले, "आधी वडील मंडळींनी घ्यावं." सचिव म्हणाले, "छे छे, आम्ही शेवटी!" नम्रतेला नुसता ऊत आला होता. मी ताट उचललं.

"बाईंना लय भूक लागलीय," मागून कुणीतरी म्हणालं. शांताबाई प्रत्येक पातेल्यातलं वाढत गेली. मी जेवले, हात धुतले, खुर्ची ओढून सगळ्यांसमोर बसले.

थोड्या वेळानं सचिव आले. "अजून किती थांबायचं?"

"भूक लागली असेल तर घ्या की आत्ताच," मी म्हटलं.

त्यांनी पातेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बाकावर जाऊन बसले.