खाचांतला बर्फ

कॅनडात लेकीकडे आले, तेव्हा तिच्या गाडीला नुकतेच हिवाळ्याचे टायर लावले होते. सकाळी अंगणात जाऊन हात लावून पाहिला, तर एवढ्या थंडीतही रबर मऊच. खाचांत मात्र बर्फ गच्च भरलेला. लेकीला दवाखान्यात ड्यूटीवर जायचं होतं. गाडी घसरेल म्हणून मी चमच्याच्या दांड्याने तो बर्फ कोरून काढत बसले.

"आई, राहू दे गं," ती हसत म्हणाली, "रस्त्यावरच्या बर्फाला हा खाचांतला बर्फच धरून ठेवतो. खाचा त्यासाठीच असतात."

मला नवल वाटलं. सासरी गेल्यावर आपणही असंच करतो की. तिथली दोन माणसं आपलीशी केली, की बाकीच्यांत पाय टिकतो.

"आणि रस्ता काचेसारखा गोठला असला तर?"

"तिथे कुठल्याच टायरचं फारसं चालत नाही. आपणच हळू जायचं."

ती निघाली. मी खिडकीत उभी राहिले. पुढच्या वळणावर रस्ता नुसता चकाकत होता. तिथे ती इतकी हळू गेली, की मागच्या गाडीवाल्याने वैतागून हॉर्न वाजवला. तो ऐकला आणि मी चहा ठेवायला आत वळले.