लेगगार्डचं रेग्झीन

आमच्याकडे थंडी पडली की मोटारसायकलच्या लेगगार्डला रेग्झीन बांधतात. पायांना वारं लागत नाही. माझ्या गाडीचं रेग्झीन मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, स्वतः शिवलं होतं. नवरा पुण्याला कामाला, त्याची गाडी घरी नुसती उभी. ती घेऊन मी चारठाण्याहून सेलूला लॅबमध्ये रक्त तपासायच्या नोकरीला जायला लागले, तेव्हा गावानं नाकं मुरडली. मामांनी मात्र दाभण हातात घेतलं.

होळी झाली, ऊन तापलं आणि गाडीनं रंग दाखवायला सुरुवात केली. दुपारी परतताना देवगाव फाटा आला की मीटरवरचा लाल दिवा लागायचा, ओढ कमी व्हायची. पेट्रोलही जास्त प्यायला लागली. मग गाडी बंद करून लिंबाखाली बसायचं आणि फुकटचे सल्ले ऐकायचे. एक जण तर म्हैस धुवायला निघाल्यासारखा बादली घेऊनच आला. त्याला मी चांगलंच झापलं. गरम काचनळीवर गार पाणी पडलं की ती कशी तडकते, ते मी लॅबमध्ये बघितलंय.

घरी मामा म्हणाले, "बाई, रस्त्यात गाडी बंद पडली तर एकली काय करशील? ऱ्हाऊ दे ती नोकरी."

सकाळी लॅबच्या वेळेला एसटी नव्हती. गाडी सुटली की नोकरी सुटली. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला.

रात्री फोनवर नवऱ्यानं समजावलं. या इंजेक्शनच्या गाडीत गरमी ओळखणारा सेन्सर असतो. तो आतल्या छोट्या कॉम्प्युटरला खबर देतो. कॉम्प्युटर पंखा फिरवतो, फारच तापलं तर पेट्रोल थोडं जास्त सोडून इंजिनाला निववतो, ताकद कमी करतो आणि दिवा लावतो. म्हणजे गाडी बिघडली नव्हती, स्वतःचा जीव वाचवत होती. पण कशापासून?

दुसऱ्या दिवशी फाट्यावर दिवा लागला, तेव्हा मी इंजिन बंद केलं, पण चावी चालू ठेवली आणि गाडीसमोर उकिडवी बसले. पंखा जीव तोडून फिरत होता आणि रेग्झीन आत ओढलं जाऊन रेडिएटरला, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या जाळीला, चिकटलं होतं. वाऱ्याला वाटच नव्हती. भर उन्हाळ्यात आम्ही बिचारीला गोधडीत गुंडाळलं होतं! मी तिथंच गाठी सोडल्या. घरापर्यंत दिवा लागला नाही.

रेग्झीनची गुंडाळी मी मामांपुढे ठेवली आणि फाट्यावर काय दिसलं ते सांगितलं. सगळं ऐकून ते आपल्याच टाक्यांवरून बोट फिरवत राहिले.

"म्या तुझ्यासाठी शिवलं, आन् गाडी गुदमरायली व्हय?"

"थंडीभर माझे पाय गारठले नाहीत, मामा. ते यामुळंच."

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. ऐन दुपारी डोक्याला उपरणं गुंडाळून ते गाडीजवळ येऊन उभे राहिले. "चल, दाव मला." फाट्यापर्यंत आणि परत, सगळा रस्ता ते माझ्या खांद्यावरून दिव्याकडे डोळे लावून बसले होते. दिवा काही लागला नाही.

घरी आल्यावर त्यांनी रेग्झीन झटकलं, नीट घडी घातली आणि माळ्यावर ठेवलं.

"दिवाळी झाली की परत बांधू," ते म्हणाले. "सकाळच्याला लय गार लागतंय तुला."