बाभळीची फुलदाणी

बायकोने चिकटवलेलं लाकडाचं कडं दारातल्या उन्हासमोर धरायचं, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचं, "सांध्यातून उजेड दिसून राह्यला." मग ते ओट्यावर आपटून फोडायचं. मंठ्यात माझ्या हार्डवेअरच्या दुकानासमोरच या कातारी माणसाचं लाकूड कातायचं लेथ मशीन होतं, त्यामुळे हा तमाशा मला रोज फुकटात बघायला मिळायचा.

त्याच्या फुलदाण्या एका ओंडक्याच्या नसत. सागाचे, शिसवाचे, बाभळीचे बोटभर तुकडे तिरपे कापून, चिकटवून त्यांचं गोल कडं करायचं. अशी कडी एकावर एक चढवायची आणि मशीनवर फिरवत पटाशीने कातायची. सांधा नखालाही लागत नसे. जालन्याला जाणारे लोक गाडी थांबवून फुलदाणी घ्यायचे. तारीफ तो एकटाच खायचा. तुकडे कापणारी, चिकटवणारी त्याची बायको आत भुशात बसलेली असायची.

गिऱ्हाईक आलं की तिला ऐकू जाईल असं मुद्दाम बोलायचा, "हिच्या हाताला बिलकुल अक्कल न्हाई. हिनं चिकटवलेलं फुंकरीनं सुटंल." लोक हसत. माणूस विनोदी होता, हे तुम्हीही मान्य केलं असतं. फक्त सगळे विनोद एकाच बाईवर असत.

एकदा तो जांब समर्थला यात्रेला गेला. तेवढ्यात त्याच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, मशीन चालू केलं. बाभूळ आणि सागाची फुलदाणी स्वतः कातली आणि तो येईपर्यंत मशीनवरून उतरवलीच नाही. मला म्हणाल्या, "भाऊजी, एकदा हे 'बराबर' म्हणले ना, बस झालं मला."

तो आला. मोबाईलची बत्ती आत घालून त्याने फुलदाणी सगळीकडून बघितली. पुन्हा बघितली. उजेड कुठेच नव्हता. त्याचा चेहरा उतरलेला मी पाहिला.

"जरा जाड राह्यली," म्हणाला आणि मशीन सुरू केलं. पटाशी लावली आणि दाबत गेला.

"आवं, फुटंल," वहिनी म्हणाल्या.

फुटलीच. तुकडे माझ्या दुकानाच्या पायरीपर्यंत आले.

"बघ, म्हणलं न्हवतं?" तो म्हणाला.

वहिनींनी लुगड्यावरचा भुसा झटकला आणि कुंभार पिंपळगावला भावाकडे निघून गेल्या.

मग तो स्वतः कडी करायला लागला. एकही टिकेना. मशीन फिरलं की सांधे सुटायचे. "लाकूडच खराब येऊन राह्यलं," म्हणायचा. गिऱ्हाईक तुटलं. खरं सांगतो, मला मजा वाटत होती. पुढे मात्र तो सुटलेले तुकडे मांडीवर घेऊन नुसता बसायला लागला, तेव्हा बघवेना.

एक दिवस माझ्या दुकानात आला. "भाऊ, पिंपळगावला चालले ना तुमी? तिला सांगा, ती फुलदाणी जाड न्हवती. म्हणावं, आता ये."

वहिनी भावाच्या ओसरीवर तूर निवडत होत्या. मी निरोप सांगितला. हात न थांबवता म्हणाल्या, "ते मला तवाच माहीत होतं."

परतलो तर तो बसस्टँडवरच उभा. मी त्यांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

"अन् यायचं?"

"त्याचं काही बोलल्या नाहीत."

"बराबर," तो म्हणाला.

हा शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि ज्या बाईने तो ऐकायला हवा होता ती तिकडे तूर निवडत होती. तो माझ्यापुढे चालत गेला आणि त्याने आपल्या दुकानाचं शटर ओढून घेतलं. ते पुन्हा उघडलं नाही.